वाचकांचे प्रश्न : कंपायलरची बोलणी

जुन्या घाटाचे नवे संगणक बाळगणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत. कमांडर एक्स१६, ॲगॉन लाइट, स्पेक्ट्रम नेक्स्ट आणि आरसी२०१४ अशी यंत्रांची नावे वेगवेगळी असली, तरी तक्रारीचा सूर एकच असतो : प्रोग्रॅम बरोबर आहे, पण कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ऐकत नाही. ही यंत्रे आजच्या काळात बनत असली तरी त्यांचा स्वभाव आठ-बिटी आहे, आणि त्यांच्यासाठीचा प्रोग्रॅम बहुतेक जण लॅपटॉपवर लिहून, तिथेच कंपाइल करून, मग एसडी कार्डावरून यंत्रात नेतात. ज्या यंत्रासाठी भाषांतर करायचे ते यंत्र भाषांतर करणाऱ्याच्या समोर नसतेच. त्याची माहिती आपणच द्यावी लागते. शिवाय ज्याला आपण सरसकट ‘कंपायलरचा एरर’ म्हणतो तो कधी असेंब्लरचा (असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेतील मजकूर उतरवणाऱ्याचा) असतो, कधी लिंकरचा (तयार तुकडे जोडून एक फाइल बनवणाऱ्याचा), तर कधी खुद्द यंत्राचा. म्हणून या वेळच्या उत्तरांत प्रत्येक ठिकाणी आधी बोलणारा कोण आहे, ते पाहिले आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. कमांडर एक्स१६ साठी असेंब्लीत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम सीए६५ या असेंब्लरला दिला की काही ओळींवर ‘कोलन अपेक्षित आहे’ असा एरर येतो. त्या ओळींत एसटीझेडसारख्या साध्या आज्ञा आहेत. तिथे कोलनचा संबंध काय?
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : आपल्या असेंब्लरला एसटीझेड हा शब्द आज्ञा म्हणून माहीतच नाही. प्रोसेसर कोणता हे सांगितले नाही, तर सीए६५ मूळचा ६५०२, म्हणजे १९७५ साली आलेली चिप, गृहीत धरतो. आणि एसटीझेड, बीआरए, पीएचएक्स या आज्ञा नंतरच्या ६५सी०२ मध्ये आल्या. ओळीच्या सुरुवातीला अनोळखी शब्द दिसला की असेंब्लर त्याला लेबल, म्हणजे प्रोग्रॅममधील त्या जागेला दिलेले नाव, समजतो आणि लेबलापुढे कोलन हवा, एवढीच आठवण आपल्याला करून देतो. पुण्यात नव्याने आलेल्या माणसाला ‘शनिपार’ हे चौकाचे नाव कोणाचे तरी आडनाव वाटावे, तसा हा प्रकार आहे. खात्री करून घ्यायची असेल तर एरर आलेल्या सगळ्या ओळी एकदा नजरेखालून घाला : एलडीए, एसटीए यांसारख्या जुन्या आज्ञांवर तक्रार नसेल आणि फक्त नव्या आज्ञांवर असेल, तर निदान पक्के समजावे. फाइलच्या डोक्यावर प्रोसेसर ६५सी०२ असल्याचे जाहीर केले की हे एरर एकदम नाहीसे होतील.

आपण पत्रात ओझरते लिहिले आहे की सीए६५ च्याच संचातील सीएल६५ वापरून केलेला दुसरा, सी भाषेतील प्रोग्रॅम ‘एकही एरर न येता’ तयार झाला, पण यंत्रावर सुरू होताच सगळे गोठले. मला तो प्रश्न या कोलनपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. लक्ष्य यंत्र सांगितले नाही, तर सीएल६५ हा कमोडोर ६४ साठी प्रोग्रॅम बनवतो. कमोडोर ६४ आणि एक्स१६ या दोन्हींत बेसिकचा प्रोग्रॅम हेक्स (सोळाच्या पायावरील अंकपद्धती) ०८०१ या पत्त्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे चुकीच्या यंत्राची फाइलही एक्स१६ वर विनातक्रार लोड होते आणि ‘रन’ म्हटल्यावर चालूही लागते. पण कमोडोर ६४ साठीचा आरंभीचा कोड मेमरीची मांडणी बदलण्यासाठी पत्ता १ वर लिहितो, आणि एक्स१६ मध्ये त्याच पत्त्यावर रॉमची (कायम स्मृतीची) कोणती बँक, म्हणजे तुकडा, समोर असावी याचा आकडा राहतो. म्हणजे प्रोग्रॅम पहिल्या काही आज्ञांतच आपल्या पायाखालची रॉम बदलून टाकतो. एक्स१६ हे लक्ष्य स्पष्ट सांगून फाइल पुन्हा तयार करा. प्रोग्रॅममधील एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

जाता जाता एक पथ्य : आरएमबी, एसएमबी, बीबीआर आणि बीबीएस या बिटांवर काम करणाऱ्या आज्ञा ६५सी०२ वर चालत असल्या, तरी एक्स१६ च्या प्रोग्रॅममध्ये वापरू नयेत. त्याच खाचेत ६५सी८१६ हा प्रोसेसरही बसतो आणि त्याला त्या ठाऊक नाहीत.

प्रश्न : निवृत्तीनंतर सी भाषा शिकलो. कॉनवे यांचा ‘जीवनाचा खेळ’ (शेजारच्या जिवंत घरांच्या संख्येवरून प्रत्येक घर पुढच्या पिढीत जिवंत की मृत हे ठरते) २०० बाय २०० घरांच्या चौकटीवर एक्स१६ साठी लिहिला. लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरात तो उत्तम चालतो. सीसी६५ या सी कंपायलरच्या २.१९ या आवृत्तीने मात्र प्रथम पन्नासाहून अधिक एरर दाखवले. ते कसेबसे निस्तरल्यावर ‘बीएसएस विभाग मेन या मेमरी क्षेत्राबाहेर अमुक इतके बाइट जातो’ असा संदेश आला. आता हात टेकले आहेत.
— निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

उत्तर : हात टेकण्याचे कारण नाही, आपण कंपायलरची परीक्षा उत्तीर्ण होऊन लिंकरपर्यंत पोचला आहात.

पन्नास एररची भीती बाळगू नये. सीसी६५ ची सी भाषा बहुतांशी १९८९ च्या प्रमाणाची आहे. त्या आवृत्तीत फॉर या पुनरावृत्तीच्या विधानाच्या कंसातच ‘इंट आय’ (म्हणजे आय हे पूर्णांकाचे व्हेरिएबल) जाहीर केलेले चालत नाही. व्हेरिएबल महिरपी कंसाच्या आरंभी, इतर विधानांच्या आधी जाहीर करावे लागते. ते जाहीर करणेच फसले की पुढे जिथे जिथे ‘आय’ येतो तिथे तिथे ‘हा कोण?’ असा नवा एरर उमटतो. म्हणून यादीतील फक्त पहिला एरर दुरुस्त करावा आणि पुन्हा कंपाइल करावे. मी स्वतः एकदा यादी शेवटाकडून वाचायला घेतली आणि एक गुरुवार, दुपारचे वीज गेलेले चार तास वगळून, त्यात घालवला. चूक पहिल्याच ओळीत होती. दशांश संख्यांचे फ्लोट आणि डबल हे प्रकारही सीसी६५ मध्ये नाहीत, पण जिवंत-मृत पेशी मोजायला त्यांची गरजही नाही.

आता लिंकरचा संदेश. हेक्स ०८०१ पासून ९ईएफएफ पर्यंतची जागा मोजली तर ती ३८,६५५ बाइट भरते. यंत्र सुरू होताना पडद्यावर दिसणारा आकडा हाच. आपली चौकट एका घराला एक बाइट धरूनही ४०,००० बाइटची आहे, म्हणजे प्रोग्रॅमची एकही आज्ञा नसती तरी ती मावली नसती. घरे ‘इंट’ प्रकारची ठेवली असतील तर ८०,००० बाइट लागतील, तेव्हा आधी ती एका बाइटच्या ‘चार’ (char) प्रकारची करून घ्या. बीएसएस हा विभाग शून्य मूल्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांचा असतो. त्यात आपण काहीच लिहीत नसल्यामुळे तिथे चूक असेल असे सहसा कोणाला वाटत नाही.

एक्स१६ मध्ये ५१२ केबी जादा मेमरी आहे, पण ती एकदम दिसत नाही. हेक्स ए००० ते बीएफएफएफ ही ८ केबीची एक खिडकी आहे आणि पत्ता ० वर जो आकडा लिहाल त्या क्रमांकाची बँक त्या खिडकीत येते. अशा ६४ बँका होतात. त्यांतील बँक ० यंत्राची कर्नल (मूळ नियंत्रक प्रणाली) वापरते, म्हणून आपण १ पासून सुरुवात करावी. ४०,००० बाइटना पाच बँका पुरतात, कारण एका बँकेत २०० बाइटच्या ४० ओळी बसतात. पण माझा सल्ला तसे न करण्याचा आहे. ४० ने भागण्याची आज्ञा या प्रोसेसरला नाही, आणि हा भागाकार प्रत्येक घरासाठी करायचा म्हटला तर खेळ मुंगीच्या पावलाने चालेल. त्याऐवजी प्रत्येक ओळीला २५६ बाइट द्या, त्यातील ५६ रिकामे राहू द्या. मग एका बँकेत नेमक्या ३२ ओळी बसतात आणि ३२ ने भागणे म्हणजे पाच बिट उजवीकडे सरकवणे. १०० व्या क्रमांकाची ओळ हवी असेल तर १०० भागिले ३२ म्हणजे ३ आणि बाकी ४. बँका १ पासून मोजत असल्याने ती ओळ बँक ४ मध्ये, हेक्स ए४०० या पत्त्यावर सापडेल. यासाठी सात बँका लागतात, पुढच्या पिढीची दुसरी चौकट धरली तर चौदा. ६४ मधून चौदा गेल्या तरी घरात जागेची चणचण भासणार नाही.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. शेजारी मोजताना वरची, चालू आणि खालची अशा तीन ओळी लागतात, आणि ३१ व ३२ क्रमांकांच्या ओळी वेगवेगळ्या बँकांत असल्यामुळे त्या एका वेळी खिडकीत दिसणार नाहीत. तिन्ही ओळी आधी खालच्या मेमरीत उतरवून घ्याव्यात आणि हिशेब तिथे करावा. हे विसरलात तर कोणीही एरर देणार नाही. चौकटीत दर ३२ ओळींनी एक विचित्र आडवी रेघ दिसेल.

प्रश्न : आमच्या शाळेत पूर्वी बीबीसी मायक्रो होता, त्या ओढीने ॲगॉन लाइट घेतला. बीबीसी बेसिक लगेच हाती बसले. सी भाषेतील प्रोग्रॅम मात्र लॅपटॉपवर विनाएरर कंपाइल होतो आणि यंत्रावर ‘इनव्हॅलिड एक्झिक्युटेबल’ एवढेच येते. दुसरे असे की विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला क्रमगुणिताचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम १० पर्यंत बरोबर आणि ११ ला चूक उत्तर देतो.
— एक शिक्षिका, बिबवेवाडी

उत्तर : १९८४ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशातील शाळांत बीबीसी मायक्रो पोचले, त्या पिढीचे बेसिक अजून बोटांत आहे हे वाचून बरे वाटले.

पहिला संदेश कंपायलरचा नाही. तो ॲगॉनच्या एमओएस या नियंत्रक प्रणालीचा आहे. फाइल मेमरीत आणल्यावर एमओएस सुरुवातीपासून ६४ बाइट सोडून पुढे ‘एम, ओ, एस’ ही तीन अक्षरे आहेत का ते पाहते. नसतील तर ती फाइल चालवण्याजोगी नाही असे समजते. ॲगॉनसाठीचे साधनसंच ही खूण स्वतःच घालतात. तेव्हा बहुधा दोनपैकी एक झाले आहे : ॲगॉनमधलाच ईझेड८० प्रोसेसर असलेल्या दुसऱ्याच एखाद्या उपकरणासाठी असलेला संच वापरला गेला, किंवा तयार झालेल्या अंतिम फाइलऐवजी मधल्या टप्प्यातील फाइल कार्डावर गेली. असेंब्लीत लिहीत असाल तर ही खूण स्वतः घालावी लागते, आणि प्रोग्रॅम हेक्स ४०००० या पत्त्यासाठी जुळवावा लागतो.

क्रमगुणिताचा प्रश्न अधिक रंजक आहे आणि वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. सी भाषेत ‘इंट’ किती बिटांचा हे यंत्रागणिक बदलते. लॅपटॉपवर तो ३२ बिटांचा असतो, सीसी६५ मध्ये १६ बिटांचा, आणि ॲगॉनवर, ईझेड८० चे रजिस्टर (प्रोसेसरमधील आकडे ठेवायचे कप्पे) २४ बिटी असल्यामुळे, २४ बिटांचा. २४ बिटांत सर्वांत मोठी धन संख्या ८३,८८,६०७ मावते. १० चे क्रमगुणित ३६,२८,८०० त्यात बसते. ११ चे ३,९९,१६,८०० बसत नाही. वरचे बिट गळून पडतात आणि ६३,६२,३६८ उरते. हे उत्तर ऋण नसल्यामुळे पाहताक्षणी खोटे वाटत नाही, हा त्यातला खरा धोका. तोच प्रोग्रॅम एक्स१६ वर ८ ला फसेल आणि ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ दाखवेल. लॅपटॉपवर तो १२ पर्यंत चालेल आणि १३ ला अडेल. कंपायलर यांतील कोणत्याही यंत्रावर तक्रार करणार नाही, कारण व्याकरण सगळीकडे शुद्धच आहे. आकडा किती बिटांचा हवा हे ठरलेले असेल तेव्हा नुसते ‘इंट’ न लिहिता ३२ बिटांचा निश्चित प्रकार लिहावा, विशेषतः जी फाइल एका यंत्रावर लिहून दुसऱ्यावर वाचायची आहे तिच्यात.

प्रश्न : आरसी२०१४ जोडून त्यावर सीपी/एम ही जुनी नियंत्रक प्रणाली चालवतो. लॅपटॉपवर लिहिलेला पास्कलचा मजकूर सीरियल केबलने पाठवून टर्बो पास्कलमध्ये कंपाइल करतो. प्रत्येक वेळी वेगळ्याच ओळीवर एरर येतो. लॅपटॉपवर तीच फाइल उघडली तर त्या ओळी शुद्ध असतात.
— रेडिओ दुरुस्ती करणारे एक वाचक, हडपसर

उत्तर : ‘प्रत्येक वेळी वेगळ्या ओळीवर’ या चार शब्दांत उत्तर आहे. प्रोग्रॅममधील चूक जागा बदलत नाही. वाटेत सांडणारी अक्षरे मात्र दर खेपेला वेगळी असतात. कंपायलर इथे खरे तेच बोलतो आहे, कारण त्याच्यापर्यंत पोचलेली ओळ खरोखरच मोडकी आहे. यंत्रावरील फाइल ‘टाइप’ या आज्ञेने पडद्यावर काढून पाहा, एखादा अर्धविराम किंवा ‘बिगिन’ मधले अक्षर गहाळ दिसेल.

आरसी२०१४ चे घड्याळ ७.३७२८ मेगाहर्ट्झ असते आणि त्याला ६४ ने भागले की बरोबर १,१५,२०० येतात. सीरियलचा वेग त्यावरूनच ठरला आहे. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरे येतात आणि प्रत्येक अक्षरासाठी त्यातील झेड८० या प्रोसेसरला घड्याळाचे ६४० ठोके मिळतात. तेवढ्यात अक्षर उचलून ठेवता येते, पण मध्येच कार्डावर लिहायची वेळ आली की मागून येणाऱ्यांना ‘थांबा’ म्हणावे लागते, आणि ते सांगण्यासाठी आरटीएस व सीटीएस या तारा लागतात. तापकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी केबलींपैकी पुष्कळांना वीज, जमीन, पाठवणे आणि घेणे एवढ्या चारच तारा बाहेर काढलेल्या असतात. सहा तारांची केबल घ्या आणि लॅपटॉपवरील टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करा. त्याहून चांगले म्हणजे फाइल एक्समोडेमने पाठवा. त्यात १२८ बाइटचा प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो.

केबल बदलल्यावरही एरर राहिला आणि तो नेहमी शेवटच्या ओळीनंतर येत असेल, तर कारण निराळे. सीपी/एम २.२ फाइलची लांबी १२८ बाइटच्या नोंदींत मोजते, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला हे हेक्स १ए या खुणेने सांगावे लागते. ती नसेल तर शेवटच्या नोंदीतील उरलासुरला कचराही प्रोग्रॅम म्हणून वाचला जातो. लिनक्सवर लिहिलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एकच चिन्ह असते, सीपी/एमच्या साधनांना दोन लागतात. तेही पाठवण्यापूर्वी बदलून घ्यावे.

प्रश्न : स्पेक्ट्रम नेक्स्टवर ‘एमयूएल डी, ई’ ही गुणाकाराची आज्ञा असेंब्लर ओळखत नाही.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ती झेड८० ची आज्ञा नव्हे, नेक्स्टमधील झेड८०एन या वाढीव प्रोसेसरची आहे. असेंब्लरला नेक्स्टचा पर्याय सांगा, लगेच ओळखेल. मात्र तो प्रोग्रॅम एखाद्याच्या माळ्यावरील जुन्या डीबी स्पेक्ट्रम प्लसवर, म्हणजे १९८६ पासून परवान्याने भारतात विकल्या गेलेल्या यंत्रावर, नेऊ नका. जुना झेड८० ही आज्ञा काही न करता ओलांडून पुढे जातो, गुणाकार होत नाही आणि कोणी बोंबही मारत नाही.

प्रश्न : एसडीसीसी या कंपायलरची नवी आवृत्ती घेतल्यापासून झेड८० साठीचा माझा जुना प्रोग्रॅम एकही एरर वा इशारा न देता कंपाइल होतो, पण असेंब्लीत लिहिलेली फंक्शने भलतीच उत्तरे देतात. जुन्या आवृत्तीत सर्व ठीक होते.
— एक सॉफ्टवेअर अभियंता, बाणेर

उत्तर : २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० या आवृत्तीत फंक्शनला मूल्ये देण्याघेण्याची झेड८० साठीची मूळ पद्धत बदलली. पूर्वी सगळी मूल्ये स्टॅकवरून (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यावरून) जात, १६ बिटी उत्तर एचएल रजिस्टरात आणि ८ बिटी उत्तर एल मध्ये परत येत असे. आता पहिले मूल्य १६ बिटी असेल तर एचएल मध्ये, ८ बिटी असेल तर ए मध्ये दिले जाते, आणि उत्तर अनुक्रमे डीई व ए मध्ये अपेक्षित असते. आपले जुने फंक्शन स्टॅकवर शोधते ते तिथे नाही, आणि ठेवते तिथे कोणी पाहत नाही. लिंकर फक्त नाव जुळते का एवढेच तपासतो. नाव जुळले की त्याचे काम संपले.

खात्रीसाठी कंपायलरने तयार केलेली असेंब्लीची फाइल उघडा आणि आपल्या फंक्शनला हाक मारण्याच्या लगेच आधीच्या ओळी वाचा. तिथे ‘पुश’ (स्टॅकवर ठेवण्याची आज्ञा) नसून मूल्य एचएल किंवा ए मध्ये भरलेले दिसले, तर पद्धत नवी आहे. त्या फंक्शनांना जाहीर करणाऱ्या ओळींपुढे जुनी पद्धत, म्हणजे एसडीसीसीकॉल शून्य, अशी खूण लावावी. अख्ख्या प्रोग्रॅमला जुनी पद्धत लावण्याचा पर्यायही आहे, पण सोबत येणारी लायब्ररी नव्या पद्धतीने कंपाइल केलेली असते; ती पुन्हा तयार केल्याशिवाय तो वापरलात तर आज चार फंक्शने बिघडलेली आहेत, उद्या पडद्यावर छापणारे प्रिंटएफही बिघडेल.